पनवतीचा वाटा

"काका, बाहेर व्हा," सिस्टर म्हणाली, आणि काका निमूट बाहेर झाले.

राक्षस नुकताच पडला होता. चौघांनी मिळून पाऊण तास त्याला झोडपला होता आणि सगळ्यांत पुढे ढाल घेऊन मार खात उभे होते ते काकाच. पण आता आतल्या खोलीतला पेटारा उघडायचा होता, आणि पेटारा उघडताना काकांनी खोलीत थांबायचं नाही, हा त्यांच्या टोळीचा अकरा वर्षांचा शिरस्ता होता. काकांनी कळ दाबली. पडद्यावरचा त्यांचा दाढीवाला योद्धा दाराबाहेर पडला, अंगणातल्या विहिरीपाशी गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीकडे तोंड करायची अट मामाने घातलेली. पनवतीला नुसतं बाहेर काढून भागत नाही, तिची नजरही पडता कामा नये, असं मामाचं म्हणणं होतं.

शेजारच्या खोलीत काकू इस्त्री करत होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, काढलं का बाहेर? काढलं, असं काकांनी सांगितलं आणि हेडफोन नीट करून आत काय निघतंय ते ऐकू लागले. आत एकच गलका झाला. जावईबापूंना सोनेरी चिलखत मिळालं होतं. आपल्यालाच मिळाल्यासारखा काकांचा चेहरा फुलला.

ही टोळी म्हणजे चार गावांतली चार माणसं. एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेली नाहीत, पण दर रविवारी दुपारी चारला कॉम्प्युटरवर हजर. सिस्टर एका इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. टोळीची पुढारीही तीच, कारण दरडावायची सवय चौघांत तिलाच. मामा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि रविवारी जिथे मुक्काम पडेल तिथून खेळायला बसायचा. जावईबापू शाळेत चित्रकला शिकवायचे. टोळीत आले त्याच आठवड्यात त्यांचं लग्न झालं, तेव्हापासून त्यांना दुसरं नाव उरलं नाही. आणि काका वजनकाटे दुरुस्त करायचे. वय छप्पन्न, डोक्यावर केस मोजकेच, नाकावर चष्मा. त्यांच्या मुलीने शिकायला परगावी जाण्याआधी हा खेळ घरच्या कॉम्प्युटरवर टाकला होता. तिला आठ दिवसांत कंटाळा आला. काका मात्र चिकटले ते चिकटलेच.

त्या खेळात सगळं घोडं अडायचं ते नशिबापाशी. राक्षस कुणीही मारो, पेटाऱ्यातून कुणाला काय मिळावं हे नशिबावर. प्रत्येक खेळाडूच्या नावावर नशिबाचा एक आकडा असतो आणि तो कंपनीने लपवून ठेवलाय, एवढंच सगळ्यांना ठाऊक. सिस्टरला पेटाऱ्यातून पांढरी घोडी मिळाली, मामाला विजेचा भाला मिळाला. काकांना काय मिळालं, तर कुजका दोर. झाकण नसलेला डबा. एका पायाचा जोडा, आणि तोही सतरा वेळा, दर वेळी डावाच. काकूंनी एकदा विचारलंही होतं, की अहो, अकरा वर्षांत उजवा एकदाही नाही? पहिल्या काही महिन्यांतच मामाने निकाल दिला होता की हा माणूस पनवती आहे, याला खोलीत ठेवलं तर आपल्यालाही डबेच मिळतील. त्या दिवशी काका गंमत म्हणून बाहेर जाऊन उभे राहिले आणि आत नेमका मामाचा भाला निघाला. झालं. तेव्हापासून काका पनवती आणि काका बाहेर.

काकांना याचं वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर नाही. उलट आवडायचंच. दिवसभर ते ज्या दुकानांत जायचे तिथे त्यांना बघून लोकांच्या पोटात गोळा यायचा, कारण काका काटा तपासायला आले की तो चुकीचा असेल तर चुकीचाच म्हणणार. स्वतःच्या मेहुण्याच्या दुकानातला काटासुद्धा त्यांनी सोडला नव्हता. त्यावर मेहुणा चार महिने बोलत नव्हता. सगळीकडे आदर होता, पण चहा कुणी मनापासून विचारायचं नाही. टोळीत मात्र त्यांची येताजाता टर उडायची. टर उडवायला माणूस आपलाच लागतो, हे काकांना पक्कं माहीत होतं.

तर, कंपनीने एक दिवस जाहीर केलं की यापुढे प्रत्येकाच्या नशिबाचा आकडा त्याच्या पानावर दिसेल. खेळाडू वर्षानुवर्षं मागे लागले होते, आम्हाला फसवताय का म्हणून. तेव्हा घ्या, बघा काय ते. रविवारी चौघांनी आपापली पानं उघडली. सिस्टरचा चव्वेचाळीस, मामाचा एक्कावन्न, जावईबापूंचा अडतीस.

"पनवती, तुमचा किती?" मामाने विचारलं.

"शून्य," काका म्हणाले.

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. सिस्टरही हसली. काका नेहमीसारखे हसले, पण त्यांचं लक्ष त्या आकड्यावरून हलेना. दोन असता, पाच असता, तर ते विसरून गेले असते. काटा हलका दाखवतो, जड दाखवतो, वाऱ्याने थरथरतो, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. पण वर वजन ठेवूनही काटा शून्यावरच राहिला तर तो चुकत नसतो, त्याची आतली तार जोडलेलीच नसते. कुठल्या पेटाऱ्यातून आपल्याला काय मिळालं त्याची त्यांनी धंद्याच्या सवयीने तारीखवार नोंद ठेवली होती, सहाशेच्या वर. त्या पानांचे फोटो काढून त्यांनी कंपनीला चार ओळींचं पत्र पाठवलं. तक्रार अशी नव्हतीच त्यात. फक्त एवढंच, की तपासून पाहावं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं आणि ते चौघांनाही आलं. काकांचं खातं उघडलं त्या दिवशी कंपनीच्या यंत्रात काही बदल चालले होते, त्या गडबडीत त्यांच्या नशिबाचा आकडा लिहायचाच राहून गेला होता. इथवर ठीक. पुढचं मात्र काकांनी तीनदा वाचलं. यंत्र पेटाऱ्यातल्या चांगल्या वस्तूंची वाटणी टोळीतल्या आकड्यांप्रमाणे करतं. काकांचा आकडा शून्य म्हणून त्यांचा वाटा दर वेळी उरलेल्या तिघांत वाटला गेला. लढाईत कोण होतं एवढंच यंत्र बघतं. पेटारा उघडताना काका खोलीत उभे आहेत की विहिरीपाशी, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. आता कंपनीने ठरवलं होतं की चूक आमची, तेव्हा ती पुरती निस्तरायची. दुर्मीळ वस्तू नव्याने बनवता येत नाहीत, त्यांची संख्या ठरलेली आहे, म्हणून काकांच्या वाट्याच्या एकेचाळीस वस्तू तिघांकडून काढून काकांना देण्यात येतील. काकांनी फक्त होकार कळवायचा. यादी सोबत जोडली होती. यादीत पहिलं नाव होतं सिस्टरच्या पांढऱ्या घोडीचं.

काकूंनी चष्मा लावून पत्र वाचलं आणि त्या भडकल्याच. "अकरा वर्षं तुम्हाला दाराबाहेर उभं केलं," त्या म्हणाल्या, "आणि आत बसून तुमचंच खाल्लं. वर पनवती म्हणायला मोकळे."

काकांनाही तेच वाटत होतं. हो, वाटत होतं. एक पुरा दिवस काका चिडून होते, जेवले नाहीत धड, आणि रात्री कूस बदलत राहिले. इतकी वर्षं ज्याला आपण आपलं नशीब समजून हसत होतो ते नशीब नव्हतंच, आणि ज्यावर ती माणसं फुशारक्या मारत होती ते त्यांचं नव्हतं. एरवी कुणाचा काटा असा निघाला असता तर काकांनी क्षणभर विचार केला नसता.

दुसऱ्या दिवशी बाजारात एका भाजीवालीचा काटा बघायला ते गेले. तराजूच्या ताटाखाली गाजराचा एक तुकडा जाऊन बसला होता आणि सुकून दगडासारखा झाला होता. ताट त्यावर टेकत होतं, त्यामुळे काटा वजन कमी दाखवत होता आणि बाई किलोमागे मूठभर भाजी जास्त देत होती. कधीपासून? बाईने आठवून पाहिलं. वर्ष तरी झालं असेल.

काकांनी चिमट्याने तुकडा काढला, फडक्यात धरून प्रमाणित वजनं एकेक करून ठेवली, चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितली, आणि मग नेहमी कधी विचारत नाहीत ते विचारलं. "एवढं नुकसान झालं तुमचं. राग नाही आला?"

"आला की," बाई म्हणाली. "पण आता कुणाच्या घरी जाऊन भोपळा परत मागू? खाल्ला त्यांनी." मग गाजराचा तुकडा हातात घेऊन ती जरा वेळ बघत राहिली. "वर्षभर माझ्याकडे एवढी गर्दी कशी, असं मला वाटायचं खरं. मला वाटलं, माझ्या बोलण्याला भुलून येतात."

ती हसली, पण काकांनी बघितलं, ती समोरच्या गिऱ्हाइकांकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होती. आता काटा नीट झाला, तर यातले किती परत येतील? काका वजनं गोळा करता करता थांबले. कारण त्यांच्याही मनात नेमकं तेच होतं आणि इतका वेळ ते रागाखाली दडून बसलं होतं. घोडीचं, भाल्याचं काकांना काही पडलं नव्हतं. आपल्यामुळे त्यांची भरभराट होती म्हणून ही माणसं आपल्याला धरून होती, की आपण हवे होतो म्हणून, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. आणि ते कुठल्याही काट्यावर ठेवून बघता येत नव्हतं.

दुपारी सिस्टरचा फोन आला. खेळाबाहेर तिने असा फोन कधी केला नव्हता. वॉर्डातल्या चहाच्या सुट्टीत करत होती. मागे कुठलंसं मूल रडत होतं.

"काका, होकार कळवून टाका," ती म्हणाली. "आम्ही तिघं बोललोय. सगळं घ्या. तुमचंच आहे."

"आणि घोडी?"

मागचं मूल रडतच होतं. "घोडीच तर आहे," ती म्हणाली.

काकांना ती घोडी माहीत होती. सिस्टर तिच्यावर बसून कधी लढाईला गेली नाही. वॉर्डात एखादा दिवस वाईट गेला की ती घरी येऊन खेळ उघडायची आणि घोडीवरून नुसती समुद्राकाठी जात राहायची, दहा-पंधरा मिनिटं, कुणाशी न बोलता. कधीकधी काका आपलं लंगडं गाढव घेऊन तिच्या मागून चालायचे. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आठ वर्षं असं चाललं होतं.

"बरं, बघतो," काका म्हणाले आणि फोन ठेवला. बघण्यासारखं तसं काही उरलं नव्हतं.

त्यांनी नकार कळवला. कंपनीतल्या मुलीला ते कळेना, तिने स्वतः फोन केला. बिचारी फार अदबीने बोलत होती. पुन्हा अशी संधी मिळणार नाही, असं तिने दोनदा समजावलं आणि मग नकाराचं कारण लिहावं लागतं म्हणाली.

"मी काटा तपासा म्हणालो होतो," काका म्हणाले. "तो तुम्ही नीट केलात, आभारी आहे. पण विकलेला माल परत आणायला मी कधी कुणाच्या घरी गेलेलो नाही. एवढंच लिहा."

काकूंनी हे सगळं ऐकलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी वाजवली. मग चहाचा कप आणून काकांच्या पुढ्यात ठेवला आणि तुम्ही आहात ते असे आहात, असं काहीसं पुटपुटल्या.

कंपनीने नकाराचं तिघांनाही कळवलं, म्हणजे आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण रविवारी चारला काका हजर झाले आणि त्यांना कळेना की आपण कुठे आलोय. जावईबापू म्हणाले, नमस्कार काका. नमस्कार! मामा, ज्याचं एकही वाक्य अकरा वर्षांत पनवतीशिवाय पुरं झालं नव्हतं, तो साहेबाशी बोलावं तसा बोलत होता. काका, ढाल मी धरू का, तुम्हाला त्रास नको. काका, तुम्ही म्हणाल त्या वाटेने जाऊ. सिस्टरने दरडावणं सोडून दिलं होतं. राक्षस पडल्यावर बाहेर जायला कुणी सांगेना आणि पेटारा उघडायला कुणी पुढे होईना; शेवटी तो तसाच ठेवून सगळे पाचलाच निरोप घेऊन निघून गेले. काका पडद्यासमोर बसून राहिले. इतक्या वर्षांच्या घरात आपल्याला पाहुण्यासारखं बसवल्यागत त्यांना झालं.

पुढचा रविवारही तसाच गेला. काकूंनी कॉम्प्युटरच्या दिशेने मान हलवत विचारलं, आज आवाज नाही आला तुमचा. काका म्हणाले, सगळे फार चांगलं वागतात गं. आणि उठून खिडकी लावायला गेले, कारण त्यांचे डोळे भरून आले होते. घोडी सोडून दिली, भाला सोडून दिला, त्याचं काही नाही. पण जे ठेवायचं म्हणून हे सगळं केलं तेच हातचं चाललं होतं.

तिसऱ्या रविवारी राक्षस पडला तेव्हा सिस्टरने घसा साफ केला. "काका, आज पेटारा तुम्ही उघडायचा," ती म्हणाली. "आम्ही ठरवलंय."

काका आत गेले. पेटाऱ्याची खोली आता कशी दिसत असेल, याच्या त्यांनी विहिरीपाशी उभं राहून नाना कल्पना केल्या होत्या. प्रत्यक्षात ती अडगळीच्या खोलीसारखी होती, कोपऱ्यात जळमटं आणि मधे एक मिणमिणता दिवा. तिघं भिंतीला लागून ओळीने उभे होते. काकांच्या नावापुढे आता सेहेचाळीसचा आकडा होता, सिस्टरपेक्षा दोन जास्तच. काकू इस्त्रीचा प्लग काढून येऊन मागे उभ्या राहिल्या. काकांनी धोतराला पुसावा तसा तळहात पँटला पुसला आणि कळ दाबली.

झाकण उघडलं. सोनेरी उजेड पडला, कुठूनसं संगीत वाजलं, आणि उजेड ओसरल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली. फुटकी चाळणी.

हेडफोनमध्ये चिडीचूप झालं. मामा कुठल्याशा धाब्यापाशी थांबला असावा, मागून गाड्या गेल्याचं तेवढं ऐकू येत होतं. जावईबापूंचा श्वास अडकल्यासारखा झाला होता. काकांना वाईट वाटलं असेल, या भीतीने तिघं गप्प होते. आणि त्या भीतीच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, गालांत कोंडलेलं, ते काकांना इतक्या वर्षांच्या सवयीने इथे बसून स्पष्ट ऐकू येत होतं. काकांनी चाळणीकडे पाहिलं. या वेळी कुणी त्यांचा वाटा घेतलेला नव्हता. यंत्र नीट होतं, आकडा नीट होता, आणि जे निघालं ते पुरतं त्यांचं होतं.

"अरे, हसा की आता," काका म्हणाले.

आधी जावईबापू फिस्सकन हसले. मग मामा. मग सिस्टर अशी हसत सुटली की तिला बोलता येईना.

"काका, दुरुस्तीनंतरसुद्धा चाळणीच?" मामाने कसंबसं विचारलं.

"दुरुस्तीनंतरच," काका म्हणाले. "आता वजन अगदी बरोबर आहे."

त्यावर जो गोंधळ उडाला त्यात कोण काय म्हणतंय ते कळेना. मामा स्टेअरिंगवर का कशावर हात आपटत होता. काकांना हसता हसता खोकला आला, चष्म्यावर वाफ धरली, तो काढून ते सदऱ्याला पुसत राहिले आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिले. त्यांच्या खांद्यावरून वाकून काकूंनी विचारलं, की अहो, निघालं काय एवढं? काकांनी एक हेडफोन कानावरून काढून काकूंच्या कानाला लावला.